अपघातांची खतावणी

अपघाताची बातमी वाचली की आपण आधी नशिबाला बोल लावतो आणि मग ड्रायव्हरला. रस्त्याला बोल लावायचे मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. रस्ता बिचारा मुका! पण सारी नोकरी बँकेत आकडे जुळवण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला वाटते, की रस्ताही बोलतो. त्याचे बोलणे कुणीतरी नीट लिहून घ्यायला हवे, इतकेच.

४ सप्टेंबर २०२२ च्या दुपारी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मागे बसलेले दोघेही गेले. त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते. पुढचे दोघे वाचले. मोटारीतल्या यंत्रात शेवटच्या क्षणांची नोंद होती. कंपनीने पालघर पोलिसांना दिलेल्या अहवालानुसार आदळण्याच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता. ब्रेक दाबल्यावर, आदळताना तो ८९ होता. मग तज्ज्ञ आले, मापे घेतली गेली. तीन पदरी रस्ता पुलापाशी दोन पदरी होतो आणि कठडा आत घुसलेला आहे, हे तेव्हा देशाला कळले. पूल काही त्या दिवशी अरुंद झाला नव्हता. घोडबंदर ते दापचरी या सुमारे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षी सप्टेंबरपर्यंत २६२ अपघातांत ६२ माणसे दगावल्याची नोंद होती.

याच महामार्गावरून मनोरला वळले की पालघर आणि चिल्हार फाट्याला वळले की बोईसर. बोईसरला मी काही वर्षे नोकरी केली. तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली, की सायकली, मोटारसायकली, डबा हातात घेऊन चालणाऱ्या बायका आणि रसायनांचे टँकर एकाच रस्त्यावर येत. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि १९ टक्के पायी चालणारी होती. त्यांच्याजवळ शेवटचे पाच सेकंद सांगणारे यंत्र कुठले असायला!

कर्जदार अपघातात गेला, की विम्याच्या कागदांबरोबर पंचनाम्याची नक्कल माझ्या टेबलावर येई. एका नकलेत अपघाताची जागा लिहिली होती, 'मोठ्या चिंचेजवळ'. पुढे रस्ता रुंद झाला, चिंच गेली. त्या वळणावर आणखी कितीजण गेले, हे आता कुठल्या वहीत शोधायचे?

यावर उपाय निघाला आहे. आयआयटी मद्रासने रचलेली आणि राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने राबवलेली 'आयरॅड' ही अपघात-नोंदणी २०२१ मध्ये सहा राज्यांत सुरू झाली. महाराष्ट्र त्यांत होता. पोलीस जागेवरूनच मोबाइलवर माहिती भरतात, छायाचित्रे काढतात; उपग्रहाच्या आधारे अपघाताचा नेमका बिंदू नोंदला जातो. ती नोंद बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडेही जाते. चिंच राहो वा जावो, जागा आता हरवत नाही.

पण नोंद म्हणजे वसुली नव्हे, हे बँकवाल्याला वेगळे सांगायला नको. सरकारी व्याख्येप्रमाणे महामार्गाच्या सुमारे पाचशे मीटर टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, की ती जागा अपघातप्रवण ठरते. आमच्याकडे पहिला हप्ता चुकला की कर्जदाराला पत्र जाई. तीन महिने थकले की खाते बुडीताच्या वाटेला लागे. पैशांच्या बाबतीत आपण इतके सावध! मग माणसांच्या बाबतीत पाचव्या अपघाताची वाट का पाहायची?

वाट न पाहता काय साधते, हे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने दाखवले आहे. तिथे २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. 'सेव्हलाइफ फाउंडेशन', रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी अपघातांचा तपास 'चूक कुणाची' एवढ्यावर न थांबवता 'माणूस मेला कशाने' इथपर्यंत नेला. उघडे काँक्रीटचे कोपरे लोखंडी कठड्यांनी झाकले, कडेला उभे राहणारे ट्रक हलवले. २०१९ मध्ये मृत्यू ९२ वर आले. ९२ हाही आकडा मोठाच; पण त्यामागे घरी परतलेली माणसे आहेत.

तेच पालघर-मनोर आणि बोईसर-चिल्हार रस्त्यांवर का होऊ नये? जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती आहे. तिने प्रत्येक अपघाताच्या नोंदीपुढे एक रकाना वाढवावा आणि तो तालुक्याच्या गावी फलकावर लावावा. दुरुस्ती काय केली, आणि कोणत्या तारखेला. दिवा लावला, गतिरोधक घातला, पायवाट काढली, जे असेल ते. रकाना रिकामा दिसला तर आपण नागरिकांनी जाऊन विचारावे. बँकेत जमाखर्च जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. रात्रपाळीहून सायकलवर निघालेला कामगार घरी पोहोचावा म्हणून एवढी शिस्त पाळणे फार अवघड नाही.