नर्सिंगची पदवी : दार दहावीनंतरच उघडते

उन्हाळ्यात बारावीचा निकाल लागतो. तेंदूपत्त्याचे पैसे हाती येत असतात आणि पुढे रोवणीचा खर्च उभा असतो. अशा वेळी आरमोरीकडच्या घराघरांतून बोलणे निघते, "पोरगी पास झाली, आता तिला नर्सिंगला घालू." विचार चांगला आहे. पण मायबापहो, तो त्या दिवशी सुचला तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. नर्सिंगच्या पदवीचे दार बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच उघडते किंवा बंद होते.

तीन वाटा, तीन हिशेब

नर्सिंग म्हणजे एकच शिक्षण नव्हे. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जी.एन.एम. तीन वर्षांचा. या दोन्हींसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. तिसरी वाट विद्यापीठाच्या पदवीची, म्हणजे बी.एस्सी. नर्सिंगची. ती चार वर्षांची. तिला मात्र बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेतच. खुल्या वर्गाला या विषयांत मिळून निदान ४५ टक्के गुण लागतात, मागास प्रवर्गांना त्यात सवलत आहे. मुलगी १७ वर्षांची पूर्ण असावी लागते. मुलांनाही हे शिक्षण घेता येते.

म्हणजे अकरावीला "विज्ञान जड जाते" म्हणून कला शाखा घेतली, की पदवीची सरळ वाट तिथेच मिटली. आडवाट उरते. जी.एन.एम. झाल्यावर आणखी दोन वर्षे शिकून पदवी घेता येते. पण त्यात एक वर्ष जास्त जाते आणि खर्चही वाढतो.

परीक्षेचा अर्ज हिवाळ्यातच

पदवीच्या प्रवेशासाठी राज्याचा सीईटी कक्ष वेगळी प्रवेश परीक्षा घेतो. तिचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. धान घरात आले, मळणी आटोपली, की त्याच दिवसांत कॉलेजातल्या सरांकडे किंवा बाईंकडे जाऊन तारखांची चौकशी करावी.

त्याच सुमारास तहसिलीचेही काम उरकावे. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, लागत असेल तर नॉन क्रिमिलेअर. सगळ्यांत जास्त वेळ खाते ती जात वैधता. त्यासाठी आजोबा-पणजोबांची जुनी कागदपत्रे शोधावी लागतात. अकरावीतच हे प्रकरण दाखल केलेले बरे. गुण आहेत पण वैधता नाही, म्हणून जागा हातची जाणे यासारखे दुःख नाही.

पैशाचे काय?

२०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केली आहेत. घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांतील मुलींना हा लाभ आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांमुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचे. मात्र सरकारी प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेलाच फीमाफी लागू होते. संस्थेच्या कोट्यातून जागा घेतली, तर फी खिशातून भरावी लागते.

फी माफ झाली तरी खानावळ, गणवेश, पुस्तके आणि येणे-जाणे उरतेच. चार वर्षांचा हा खर्च आधी कागदावर मांडावा. नागपूरला शासकीय परिचर्या महाविद्यालय आहे, सेवाग्रामला कस्तुरबा नर्सिंग कॉलेज आहे. घरापासून लांब राहण्याची मनाची तयारी मुलीबरोबर आईनेही करायची आहे.

पाटी पाहून भुलू नका

तालुक्याच्या गावी "एका वर्षात नर्स व्हा, नोकरीची हमी" अशा पाट्या दिसतात. पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? आणि पदवी असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी कॉलेज संलग्न आहे का? हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. राज्यातल्या बहुतेक कॉलेजांची नर्सिंगची पदवी तेच देते. परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. मान्यता नसलेल्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीला शोभते, नोकरीला चालत नाही. पैसे जातात आणि पोरीची उमेदीची वर्षेही जातात.

अभ्यास कसा असतो?

शिक्षण इंग्रजीत असते. मराठी शाळेतून गेलेल्या मुलीला पहिले सहा महिने जड जातात. रोज दहा शब्द वहीत उतरवले, तर वर्षभरात भीती मोडते. सुरुवातीला शरीररचना, सूक्ष्मजीव, आहारशास्त्र, मानसशास्त्र. पुढे औषधे, मोठ्यांचे आजार, बालकांचे आजार, मनाचे आजार, बाळंतपण आणि गावाचे आरोग्य. वर्गाबरोबर वॉर्डातही काम असते, रात्रपाळीही येते. शेवटचे सत्र सगळे प्रत्यक्ष कामाचे.

भारतात नर्सिंगची पदवी १९४६ साली दिल्लीला आणि वेल्लोरला सुरू झाली. त्याच्याही आधी, १९०९ साली, रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि बायकांना ससून रुग्णालयात हे काम शिकायला पाठवले. तेव्हा लोकांनी नाके मुरडली. आजही एखादा पाहुणा म्हणतो, "नर्सबाईशी लग्न कोण करील?" त्याला एकच विचारावे. त्याच्या घरच्या बाळंतपणाला रात्री दोन वाजता कोण उभे होते?

गावाला काय मिळेल?

आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. वजन करणे, ऊब देणे, जंतुदोष ओळखणे, वेळीच औषध देणे. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे जगासमोर आणले. थोडक्या शिक्षणाने गावच्या बायांच्या हातून एवढे घडले. मग चार वर्षे शिकलेली गावचीच मुलगी उपकेंद्रात बसली, तर काय होईल?

ती वाटही आता आहे. २०१८ पासून उपकेंद्रांना आरोग्यवर्धिनी केंद्रे केले जात आहे आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमतात. नर्सिंगच्या पदवीधर मुली त्या जागेला पात्र ठरतात. या नेमणुका कंत्राटी असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. खाजगी दवाखान्यात सुरुवातीचा पगार कमीच असतो, हेही खरे. पण हिवताप आणि सिकलसेलच्या या मुलुखात रुग्णाशी त्याच्याच बोलीत बोलणारी, शिकलेली माणसे फार हवी आहेत.

तेव्हा घरात दहावीची मुलगी असेल, तर आज संध्याकाळी जेवण झाल्यावर तिला जवळ बसवा. तिला हे काम आवडेल का, रक्त पाहून घाबरणार नाही ना, ते तिलाच विचारा. ती हो म्हणाली, तर अकरावीला विज्ञान घ्या आणि जातीची कागदे शोधायला लागा. पऱ्हे वेळेवर टाकले तरच रोवणी साधते, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे?