लिलावाची बोली आणि हंगामाचा हिशेब

संघाचा नवा कारभारी लिलावाच्या सभागृहातून बाहेर पडतो न पडतो, तोच चहाच्या हॉटेलांत त्याचा निकाल लागलेला असतो. “एका माणसावर एवढा पैसा? बुडाला संघ!” किंवा “वा, बाजी मारली!” हा न्याय घाईचा आहे, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. माणसे कशी भरली जातात आणि त्या भरतीचे बरेवाईट कधी उघडकीस येते, हे पाहण्यात आमची वर्षे गेली. त्या अनुभवाच्या बळावर हे चार शब्द.

अमेरिकेच्या फुटबॉलमध्ये १९३६ पासून नवे खेळाडू पाळीपाळीने निवडले जातात. मागल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली. या पाळ्यांचीही संघ आपसांत अदलाबदल करतात. रिचर्ड थेलर व केड मॅसी या अभ्यासकांनी हिशेब मांडून दाखविले की, संघ पहिल्या पाळ्यांचे मोल फाजील लावतात. थेलर यांना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडील प्रो कबड्डीत पाळीऐवजी लिलाव असतो. पण मोह तोच, नामवंत माणसाचा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. प्रत्येक संघाच्या थैलीची मर्यादा ५ कोटी रुपये. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले, म्हणजे अर्ध्याहून अधिक थैली. पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुई या इराणी बचावपटूला २ कोटी ३५ लाखांस घेतले, म्हणजे जवळजवळ अर्धी. त्या दिवशी दोन्ही कारभाऱ्यांची चाल सारखीच दिसली. हंगामाअखेर टायटन्स २२ सामन्यांत २ विजय घेऊन तळाला होते. पुणेरीने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सना २८–२५ असे हरवून प्रथमच विजेतेपद मिळविले.

हे का झाले? पवन काही कमी खेळला नाही. फरक होता तो भोवतालच्या माणसांत. पुणेरीने अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखी पोरे आधीच्या हंगामांत हाताशी धरून तयार केली होती. शिवाय फझल अत्राचली हा डावा कोपरा सांभाळणारा नामवंत खेळाडू संघातून गेला होता. शादलुई नेमक्या त्याच जागी बसला. गिरणीत हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. मोठ्या पगाराचा कसबी जॉबर आणावा आणि साच्यांवर सगळे नवखे उभे करावेत, तर कापड निघत नाही. उलट, बदली कामगारांना वेळीच शिकवून ठेवलेल्या खात्यात एक जाणता माणूस आला की सारे खाते चालू लागते. तेव्हा पहिली कसोटी अशी की, किंमत नव्हे, जागा पाहा. कोणती उणीव भरून निघाली आणि त्यापायी काय सोडावे लागले?

दुसरी कसोटी दैवाची. २०२२ साली याच पवनला तमिळ थलायवाजनी २ कोटी २६ लाखांस घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम हातचा गेला. त्याचा दोष बोली लावणाऱ्यास कसा द्यावा? निर्णयाच्या दिवशी त्याला जे ठाऊक असू शकत होते, तेवढ्यावरच त्याला तोलावे. तरीही तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, याचे श्रेय उरलेल्यांना द्यायला हवे.

तिसरी कसोटी काळाची. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांस हरियाणाकडे गेला आणि २९ डिसेंबरला पुण्याच्याच बालेवाडीत हरियाणा विजेता ठरला. पुणेरी बाद फेरीतही नव्हता. त्या रात्री निकाल दिला असता, तर शादलुईला जाऊ देणारा कारभारी महामूर्ख ठरला असता. पण २०२५ मध्ये अजय ठाकूर या नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तोच पुणेरी, शादलुईवाचून, अंतिम सामन्यात पोहोचला आणि दबंग दिल्लीकडून २८–३१ असा केवळ तीन गुणांनी हरला. एका वर्षाचा न्याय दुसऱ्या वर्षाने फिरविला.

एक गोष्ट मात्र कोणत्याच गुणतक्त्यात येत नाही. त्याच २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या वर्गाची मूळ किंमत ९ लाख होती. कोट्यधीशांच्या शेजारी घाम गाळणारी माणसेही असतात. गुडघा त्यांचाही मोडतो आणि कोणत्या गावी खेळावयाचे, हे बोली संपल्यावरच कळते. कारभाऱ्याचा हिशेब घेताना या माणसांशी तो कसा वागला, जायबंदी झालेल्यास त्याने सांभाळले की वाऱ्यावर सोडले, हेही विचारावे. कारखान्याच्या साहेबास आम्ही हेच विचारतो.

आपल्या सोलापुरातही मंडळाचा संघ असो, पतसंस्था असो वा युनियन असो, नव्या माणसाच्या पहिल्या निर्णयावर आपण लगेच शिक्का मारतो. त्याला दोन-तीन हंगाम द्यावेत. मात्र प्रत्येक निर्णयाच्या दिवशी त्याने काय कारण दिले, ते लिहून ठेवावे. म्हणजे पुढे हिशेब मागताना त्याच्याही सबबी चालणार नाहीत आणि आपलीही सोयीस्कर विस्मृती चालणार नाही.