कागदी वीरांचें सुतक

गेल्या दिवाळींत आमच्या भगिनीचीं दोन्ही मुलें अमेरिकेहून पुण्यास आमच्याकडे महिनाभर राहावयास आलीं होतीं. मुलें म्हणावयाचें तें केवळ संवयीनें; थोरल्या भाच्यानें साठी ओलांडली आहे आणि धाकट्या भाचीनें पन्नाशी गांठली आहे. १९६९ सालीं आमचे मेहुणे इंजिनियरच्या नोकरीवर न्यू जर्सीस गेले तेव्हां भाचा सहा वर्षांचा होता. भाचीचा जन्म तिकडलाच. एके दिवशीं फराळ आटोपून मंडळी माजघरांत बसली असतां, आमच्या दहा वर्षांच्या नातवाच्या हातीं स्पायडरमॅनच्या जुन्या अंकांचें एक पुनर्मुद्रित पुस्तक भाच्यानें पाहिलें. त्यानें तें उघडून एक पान काढलें आणि म्हणाला, "मामा, हें पान मी याच्याएवढा असतांना पहिल्यानें वाचलें, आणि त्या रात्रीं मी जेवलों नाहीं."

आम्ही हंसलों. चित्रांच्या चोपडीवरून उपास पडावा हें आम्हांस मौजेचें वाटलें. पण तो हंसत नव्हता. मग आम्हींही तें पुस्तक हातीं घेतलें, आणि पुढचे चार दिवस आमच्या माजघरांत दुसरा विषय निघाला नाहीं.

हा अंक 'दि अमेझिंग स्पायडरमॅन' या मासिकाचा १२१ वा, जून १९७३ चा. किंमत वीस सेंट. तो मुलांच्या जिवास कां लागला हें कळण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १९३८ सालीं सुपरमॅन अवतरला तेव्हांपासून अमेरिकेंत अतिमानव वीरांच्या चित्रकथांस अमाप वाचक मिळाला. पुढें गुन्हेगारीच्या व भयाच्या चित्रकथांचा सुकाळ झाला, आणि १९५४ सालीं फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानें, हीं पुस्तकें मुलांना बिघडवितात, असा गाजलेला आरोप ग्रंथरूपानें केला. सिनेटच्या उपसमितीपुढें सुनावणी झाली. सरकारी कायदा येण्याआधीं प्रकाशकांनींच 'कॉमिक्स कोड' नांवाची नियमावली स्वतःवर लादून घेतली. सत्पक्षाचा प्रत्येक वेळीं जय झालाच पाहिजे, गुन्हेगाराला शासन झालेंच पाहिजे, असे तिचे दंडक होते.

आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस हें वाचून भरताच्या परंपरेची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. आपल्या नाट्यांतही नायकाचा वध रंगभूमीवर दाखवूं नये आणि शेवट गोड व्हावा असा संकेत होता. 'ऊरुभंगां'त दुर्योधनाला प्रेक्षकांसमक्ष प्राण सोडावयास लावणारा भासाचा प्रयोग हा अपवादच समजला जातो. अर्थात् भरताची दृष्टि रसाची होती आणि या प्रकाशकांची पोलिसांच्या भीतीची, हा फरक लहान नाहीं. पण वाचकाच्या मनावर परिणाम एकच झाला. नायकाचा चुलता किंवा आईबाप गोष्टीच्या आरंभीं मरत, कारण त्यावांचून नायकाला व्रत घ्यावयास निमित्त मिळत नसे. एकदां तो आरंभ झाला, कीं नायिका उंच कड्यावरून कितीही वेळां पडो, तिला कोणीतरी झेलणारच, ही मुलांची खात्री असे.

आतां त्या पानाकडे वळूं. ग्रीन गॉब्लिन नांवाचा खलपुरुष नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलाच्या मनोऱ्यावरून खालीं ढकलतो. स्पायडरमॅन आपल्या हातांतून कोळ्याचा चिवट धागा सोडतो; तो धागा तिच्या पायांस चिकटतो; ती पाण्यावर आदळण्याच्या आधींच अधांतरीं थांबते. येथवर सारें नित्याचें. नायक तिला वर ओढून घेतांना स्वतःच्या कसबाची बढाईही मारतो. मग त्याच्या ध्यानांत येतें कीं ती बोलत नाहीं. वाचकानें जर मागचें चित्र पुन्हां पाहिलें, तर तिच्या मानेजवळ एक बारीकसा 'स्नॅप' असा आवाज लिहिलेला आढळतो. अंकाच्या पहिल्या पानावर कथेचें नांवच छापलेलें नव्हतें. तें शेवटच्या पानावर आलें, आणि तें नांव म्हणजेच ग्वेनच्या मृत्यूची वार्ता होती. लेखक जेरी कॉनवे त्या वेळीं वीस वर्षांचा होता. चित्रें गिल केनचीं.

"मी रडत होतों," भाचा सांगूं लागला, "आईला वाटलें, शाळेंतलें कोणी गेलें. 'अरे, कोणाची मुलगी?' म्हणून ती पुनः पुनः विचारीत होती. काय सांगणार?" पण त्याला रडूं आलें तें केवळ ती मेली म्हणून नव्हे. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना छळीत होता तो प्रश्न वेगळाच होता: तिला मारलें कोणीं? खलपुरुषानें ढकलली हें खरें, पण मान मोडली ती झेलण्याच्या हिसक्यानें. चार अंकांनंतर, १२५ व्या अंकाच्या पत्रव्यवहारांत, संपादकांनीं हाच उलगडा दिला, कीं एवढ्या वेगानें पडणारें शरीर एकाएकीं थांबल्यामुळें तिचा अंत झाला. पुढें जेम्स काकालिओस या मिनेसोटा विद्यापीठाच्या प्राध्यापकांनीं आपल्या ग्रंथांत याच प्रसंगावरून संवेग आणि बल यांचें गणित शिकविलें आहे. वाचविणाराच्या हातूनच घात व्हावा आणि त्यांत त्याचा दोष म्हणतां येऊं नये, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला पहिल्यानें भेटली ती वीस सेंटांच्या चोपडींत. आमच्या लहानपणीं आजी अभिमन्यूची कथा सांगे तेव्हां चक्रव्यूहाबाहेर अडकलेल्या भीमाविषयीं आम्हांस असेंच कांहीं वाटल्याचें स्मरतें.

येथें आमचा स्वतःचा अनुभव थोडा निराळा आहे. मुंबईहून १९६४ सालापासून निघूं लागलेलीं 'इंद्रजाल कॉमिक्स' आम्हीं चोरून वाचलीं. ली फॉकचा मुखवटेधारी वेताळ आम्हांस फार प्रिय. त्या कथेंत वेताळ अमर आहे असें जंगलांतील लोक समजतात. वास्तविक बाप मरतो आणि मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेऊन तोच पोषाख चढवितो, अशा एकवीस पिढ्या झालेल्या असतात. तेथें मरण आहे, पण तें घराण्यांत जिरून जातें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हांस तें सहज पटे. एकट्या ग्वेनचें मरण पचवावयास अमेरिकन मुलापाशीं असें घराणें नव्हतें, असें आम्हीं म्हणतांच भाचा म्हणाला, "मामा, घराणें होतें ना. आम्ही पांच मित्र होतों. अजून भेटलों कीं तोच विषय निघतो."

त्या पांचांचें एकमत असलेली एकच गोष्ट आहे, आणि ती आम्हांसही सर्वांत उंच वाटली. १९८२ सालीं जिम स्टार्लिन यानें कॅप्टन मार्व्हलच्या मृत्यूची कथा स्वतंत्र पुस्तकरूपानें लिहिली आणि रेखाटली. हा वीर रणांत पडत नाहीं. फार पूर्वीं एका झटापटींत त्याच्या शरीरांत विषारी वायु गेलेला असतो. त्यापासून त्याला कर्करोग होतो, आणि तो बिछान्यावर पडून मरतो. जगांतले सारे बलाढ्य वीर आणि त्यांतले शास्त्रज्ञ त्याच्या खोलींत गोळा होतात, आणि कोणाच्यानेंही कांहीं होत नाहीं. पर्वत उचलणारे हात जोडून उभे राहतात. स्पायडरमॅनला तें दृश्य सहन होत नाहीं व तो बाहेर जातो. त्याच्या जन्माच्या वैऱ्यांपैकीं एक सेनापति मात्र येऊन त्याला शौर्याचें पदक देतो. स्टार्लिनचे वडील कर्करोगानें गेले होते. तें दुःख त्यानें या पुस्तकांत उतरविलें. ज्या घरांत असा आजारी माणूस महिनोन्महिने पडून होता, त्या घरांतील वाचकांस या पुस्तकाविषयीं आम्हीं अधिक सांगण्याची जरूर नाहीं. या वीराला कायमचा परत आणण्याचा मोह प्रकाशकांनीं बव्हंशीं आवरला, हेंही नमूद केलें पाहिजे. कारण इतरांच्या बाबतींत तो आवरला गेला नाहीं.

आतांपर्यंत भाची मुकाट्यानें ऐकत होती. ती एकाएकीं म्हणाली, "तुमचे सगळे आपोआप मेले. माझा मी मारला."

ही हकीकत मुळापासून सांगितली पाहिजे. बॅटमॅनच्या हाताखालीं रॉबिन नांवाचा एक मुलगा असे. पहिला रॉबिन मोठा होऊन निघून गेल्यावर १९८३ मध्यें जेसन टॉड हा दुसरा आला. पुढें त्याचें चरित्र नव्यानें लिहिलें गेलें आणि तो बॅटमॅनच्या मोटारीचीं चाकें चोरणारा, रस्त्यावरचा, तापट पोरगा झाला. १९८८ च्या एका कथेंत एक नराधम उंच सज्जावरून पडून मरतो. जेसननें त्याला ढकललें कीं तो आपणहून पडला, हें लेखकानें मुद्दाम मोघम ठेवलें. पुष्कळ वाचकांना हा मुलगा आवडेनासा झाला. तेव्हां संपादक डेनिस ओनील यांनीं एक युक्ति काढली. हे ओनील म्हणजे तेच, ज्यांनीं १९७१ सालीं नील ॲडम्स या चित्रकाराच्या साह्यानें, ग्रीन ॲरो या वीराचा पाळलेला मुलगाच अफूच्या वर्गांतल्या विषारी व्यसनांत सांपडल्याची धक्कादायक कथा लिहिली होती, आणि न्यूयॉर्कच्या महापौरांनीं तिच्याबद्दल शाबासकीचें पत्र पाठविलें होतें. असा विचारी गृहस्थ या खेळाला कसा उद्युक्त झाला याचें आम्हांस नवल वाटतें.

'बॅटमॅन'च्या ४२७ व्या अंकाच्या अखेरीस जोकर जेसनला लोखंडी पहारीनें मारतो आणि मग बाँबचा स्फोट होतो. अंकाच्या शेवटीं टेलिफोनचे दोन क्रमांक छापले होते. एका क्रमांकावर फोन केला तर मुलगा जगावा असें मत, दुसऱ्यावर केला तर मरावा असें. दर फोनास पन्नास सेंट. १५ व १६ सप्टेंबर १९८८ असे छत्तीस तास मतदान चाललें. पुढच्या अंकाच्या दोन्ही प्रती तयार ठेवल्या होत्या. एकूण मतें १०,६१४ पडलीं. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनीं जेसन टॉड मेला.

"त्यांतलीं चार माझीं," भाची म्हणाली. ती तेव्हां तेरा वर्षांची होती. "मला तो मुळींच आवडत नसे. उर्मट होता. मी पाठोपाठ चार फोन केले आणि झोपलें. पुढला अंक आला तेव्हां समजलें, कीं ज्या आईला तो शोधीत गेला होता तिनेंच त्याला जोकरच्या हवालीं केलें होतें, आणि तरी स्फोटाच्या वेळीं तो तिच्या आड उभा राहिला. ती मरतां मरतां बॅटमॅनला हें सांगते. मग बॅटमॅन त्याला ढिगाऱ्यांतून उचलून आणतो. तें मला आधीं ठाऊक असतें, तर—"

येथें आमचा नातू म्हणाला, "पण आत्या, बहात्तरांत तुझीं चारच. उरलेलीं अडुसष्ट आहेतच कीं." गणित अचूक होतें, आणि त्यानें तिचें समाधान झालें नाहीं हेंही दिसत होतें.

या प्रकाराला आम्ही वाईट म्हणतों. ग्वेनला मारणाऱ्या लेखकानें जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. वाचकांच्या शिव्या खाल्ल्या. येथें ती पन्नास सेंटांस एक याप्रमाणें मुलांना विकली गेली. कीर्तनकार अभिमन्यूचा वध लावतो तेव्हां श्रोत्यांचे हात वर करवून घेत नाहीं. आणि घेतले असते, तर तो पोर आजवर जिवंत राहिला असता व महाभारत केव्हांच संपलें असतें. ओनील यांनीं पुढें मुलाखतींत, कोणा एकानें यंत्राकरवीं पुनः पुनः फोन लावल्याची ऐकीव गोष्ट सांगितली आहे. ती खरी असो वा खोटी, भाचीचीं चार मतें तिनें कमी होत नाहींत. भाचीनेंच आमच्या रागावर पाणी ओतलें: "मामा, तुम्ही म्हणतां तें खरें, पण मला कोणीं फसविलें नव्हतें. कोठला नंबर फिरवायचा तें मला नीट कळत होतें."

सुपरमॅनच्या मृत्यूविषयीं दोनच वाक्यें पुरेत. १८ नोव्हेंबर १९९२ रोजीं तो अंक काळ्या पिशवींत, आंत शोकाची काळी फीत घालून, विक्रीस आला. दूरचित्रवाणीवर त्याची मालिका यावयाची असल्यानें चित्रकथेंतील लग्न लांबणीवर पडलें होतें, म्हणून तोंवर लेखकांनीं त्याला मारलें. लाखों प्रती खपल्या, पुष्कळांनीं पुढें भाव येईल म्हणून पिशवी न फोडतां ठेवून दिल्या, वर्षाच्या आंत सुपरमॅन परत आला आणि भाव कांहीं आला नाहीं. भाच्यापाशीं तशा तीन पिशव्या आहेत.

जेसनही परत आला, २००५ सालीं, सूडानें पेटून. भाची तीं पुस्तकें वाचीत नाहीं. पण २०२३ सालीं प्रकाशकांनीं ४२८ व्या अंकाची ती दुसरी, मुलगा जगल्याची आवृत्ति छापली तेव्हां तिनें ती पहिल्या दिवशींच घेतली, आणि आमच्याकडे येतांना दोन्ही अंक बरोबर आणले होते. नातवानें ते शेजारीं शेजारीं मांडून वाचले. "यांतला खरा कोणता?" त्यानें विचारलें.

"पहिला," ती म्हणाली. "दुसरा फुकट मिळाल्यासारखा आहे."

त्या महिन्याच्या टेलिफोनच्या बिलांत दोन डॉलर जास्त कशाचे, असें आमच्या मेहुण्यांनीं १९८८ सालीं विचारलें होतें, आणि 'शाळेच्या कामाचे' असें उत्तर तिनें दिलें होतें. मेहुणे आतां नव्वदीच्या घरांत आहेत, स्मरण शाबूत आहे, आणि हा अंक त्यांच्याकडे टपालानें जातो. भाचीची परवानगी घेऊनच आम्हीं हें लिहिलें आहे.