तार, वेळ आणि संकेत : 'सिग्नल इंटिग्रिटी' या विद्याशाखेची वाटचाल

संगणक कक्षात निकामी होऊन पडलेला एखादा मदरबोर्ड हाती घ्यावा आणि निरखून पाहावा. प्रोसेसरकडून मेमरीकडे जाणाऱ्या तांब्याच्या बारीक रेषांपैकी काही सरळ न जाता सापासारखी वळणे घेत गेलेल्या दिसतात. बोर्डवरील जागा मोलाची असते. मग जवळची वाट सोडून ही लांबची वाट अभियंत्याने जाणूनबुजून का निवडली असावी? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात इलेक्ट्रॉनिक्समधील एका संपूर्ण विद्याशाखेचा इतिहास सामावलेला आहे. पाठवलेला संकेत पलीकडे ओळखता येईल अशा रूपात आणि नेमक्या वेळी पोहोचतो की नाही, याचा विचार करणाऱ्या या शाखेस 'सिग्नल इंटिग्रिटी' असे म्हणतात.

शाळेत आपण विद्युत परिपथाची आकृती काढतो, तेव्हा तार म्हणजे केवळ एक रेघ असते. बटण दाबले की दूरचा दिवा त्याच क्षणी लागतो, असे आपण गृहीत धरतो. ही समजूत प्रथम समुद्राच्या तळाशी खोटी ठरली.

१८५८ मध्ये आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकण्यात आली. आत तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चाचे आवरण आणि भोवती समुद्राचे पाणी अशा रचनेमुळे ती संपूर्ण केबलच विद्युतभार साठवणारे पात्र बनली होती. एका टोकाला दिलेला ठसठशीत ठोका दुसऱ्या टोकाला पसरट आणि मंद होऊन पोहोचे. मागचा ठोका विरण्यापूर्वी पुढचा दिला, तर दोन्ही एकमेकांत मिसळत. केबलची लांबी दुप्पट झाली की हा विलंब चौपट होतो, असे विल्यम टॉमसन यांनी काही वर्षे आधीच गणिताने दाखवले होते. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ ते हेच. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांना मात्र हे मान्य नव्हते. राणी व्हिक्टोरियाचा शंभरच्या आतील शब्दांचा संदेश पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. व्हाइटहाउस यांनी सुमारे २,००० व्होल्टपर्यंत दाब वापरून पाहिला. मुळातच सदोष असलेली ती केबल काही आठवड्यांतच मुकी झाली. चांगल्या बांधणीची टिकाऊ केबल १८६६ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या जहाजाने टाकली. याच जहाजाने १८७० मध्ये मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे इंग्लंडशी जोडली गेली.

टॉमसन यांनी अपुरे सोडलेले गणित पुरे केले ते ऑलिव्हर हेविसाइड यांनी. १८५० मध्ये लंडनमध्ये एका गरीब कुटुंबात जन्मलेल्या या माणसाला लहानपणीच्या तापामुळे कमी ऐकू येत असे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, विद्यापीठाची पायरी त्यांनी कधी चढली नाही. काही वर्षे तारायंत्रावर नोकरी केली आणि पुढे घरी बसून मॅक्सवेलच्या ग्रंथाचा स्वतःच अभ्यास केला. त्यांनी तारेच्या वर्णनात रोध आणि धारिता यांच्याबरोबर इंडक्टन्स आणि आवरणातून होणारी गळती यांचाही समावेश केला. या चार गुणांचे प्रमाण योग्य राखले, तर संकेत वाटेत क्षीण होईल, परंतु त्याचा आकार बिघडणार नाही, असे त्यांनी १८८७ मध्ये सिद्ध केले. क्षीण होणे वेगळे आणि विकृत होणे वेगळे, हा भेद या शाखेचा पाया आहे. त्यासाठी तारेचे इंडक्टन्स वाढवा, असे ते म्हणत. ब्रिटिश टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी विल्यम प्रीस यांच्या मते मात्र इंडक्टन्स हा शत्रूच होता, आणि त्यांच्या विरोधामुळे हे विचार दीर्घकाळ अडून राहिले. अखेर १९०० च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि मायकेल प्युपिन यांनी दूरध्वनीच्या तारांवर ठरावीक अंतरावर वेटोळी बसवून हेच तत्त्व प्रत्यक्षात आणले. पेटंटचा लाभ प्युपिन यांना मिळाला, हेविसाइड यांना नाही.

यानंतर संगणक आला आणि तार पुन्हा नुसती रेघ झाली. याचे कारण समजण्यास एक प्रयोग पुरेसा आहे. लांब दोरीचे एक टोक झाडाला बांधून दुसऱ्या टोकाला झटका द्यावा. लाट झाडापर्यंत जाते आणि उलटून परत येते. तारेतही, टोकाला जोडलेल्या भागाचा इम्पीडन्स तारेशी जुळत नसेल तर संकेताचा प्रतिध्वनी उठतो. बोर्डवरील रेषेतून संकेत एका नॅनोसेकंदात सुमारे १५ सेंटिमीटर जातो. जुन्या अनेक चिपांना ० वरून १ वर चढण्यास दहा किंवा अधिक नॅनोसेकंद लागत. तेवढ्या अवधीत आखूड रेषेतील प्रतिध्वनी येऊन शमूनही जात, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नसत.

वेगाची परिसीमा गाठणाऱ्यांना हे सुख नव्हते. सेमूर क्रे यांच्या १९७६ मधील 'क्रे-१' संगणकाचा एक फेरा १२.५ नॅनोसेकंदांचा होता. तारा आखूड राहाव्यात म्हणून यंत्राला इंग्रजी 'सी' अक्षराचा आकार दिला होता आणि कोणतीही तार चार फुटांहून लांब नव्हती.

१९८० नंतर चिपांचे घटक जसजसे लहान होत गेले, तसतसा संकेताचा चढ अधिक तीव्र झाला. यातून एक विलक्षण अडचण उद्भवली. बोर्ड तोच, घड्याळाचा वेगही तोच, पण चिपांचा नवा संच बसवताच यंत्र चुका करू लागे. दोष घड्याळाच्या वेगात नसून चढाच्या तीव्रतेत असे. अभियंते या विषयाला 'काळी जादू' म्हणू लागले. हॉवर्ड जॉन्सन आणि मार्टिन ग्रॅहम यांनी १९९३ मधील आपल्या ग्रंथाच्या उपशीर्षकात हाच शब्द योजला आणि आत मात्र जादूमागचे भौतिकशास्त्र उलगडून दाखवले. त्याच वर्षी इंटेलच्या पुढाकाराने 'आयबिस' हे प्रमाण आले. चिपची अंतर्गत रचना गुप्त ठेवूनही तिच्या टोकांचे विद्युत वर्तन इतरांना कळवण्याची सोय त्यामुळे झाली. बोर्ड तयार होण्यापूर्वीच संगणकावर त्याची परीक्षा घेता येऊ लागली आणि या कामासाठी स्वतंत्र अभियंते नेमले जाऊ लागले.

आता नागमोडी रेषांचे उत्तर देता येते. मेमरीकडे जाणारे अनेक संकेत एकाच वेळी पोहोचावे लागतात, म्हणून जवळच्या रेषेलाही वळसा घालावा लागतो. वेग आणखी वाढल्यावर एका घड्याळाच्या तालावर सर्व रेषांना सांभाळणे अवघड झाले आणि प्रत्येक जोडरेषेने आपला ताल स्वतः वाहून नेण्याची पद्धत आली. अशा 'पीसीआय एक्सप्रेस'च्या पाचव्या पिढीत एका सेकंदात ३२ अब्ज संकेत जातात. बोर्डवरील रेषेत एकेक संकेत जेमतेम पाच मिलिमीटर जागा व्यापतो. तिथे मागचा संकेत पुढच्यात मिसळतो. १८५८ च्या केबलमध्ये घडत होते तेच हे, केवळ महासागराऐवजी वीतभर बोर्डवर.

विद्यार्थी मित्रांनो, वहीत तारेसाठी काढलेली सरळ रेघ चुकीची नाही. ती एका मर्यादेपर्यंत खरी आहे, आणि ती मर्यादा कुठे संपते हे ओळखणे म्हणजेच अभियांत्रिकी. शाळा लवकर सुटलेल्या एका तारायंत्र कामगाराने ती मर्यादा ओळखली. त्यासाठी त्याच्याजवळ पदवी नव्हती, अधिकार नव्हता. ग्रंथ होते, गणित होते आणि तपासून पाहिल्याखेरीज न मानण्याची सवय होती. या तीन गोष्टी आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाला मिळवता येण्यासारख्या आहेत.