प्रभागाची रेघ कुठून जाते?

पिंपरी-चिंचवड महापालिकेचे प्रभाग २००७ साली एका नगरसेवकाचे होते, २०१२ मध्ये दोघांचे आणि २०१७ मध्ये चौघांचे झाले. २०२२ साठी आखलेली तीन सदस्यांची, १३९ जागांची रचना बाजूला पडली. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं ते पुन्हा ३२ प्रभाग आणि १२८ जागांवर. शहर तेच, रेघा बदलल्या की निकालही बदलू शकतो. कसा, ते क्रमाने पाहू.

आधी लोकसंख्येची वाटणी होते. २०११ च्या जनगणनेनुसार शहरात १७ लाख २७ हजार माणसं, म्हणजे प्रभागामागे साधारण ५४ हजार. दहा टक्के कमी-जास्त चालतं. पण त्यानंतर वाकड, पुनावळे, रावेत, मोशी, चऱ्होलीत इमारतींमागून इमारती उभ्या राहिल्या. चाकणच्या कारखान्यांत जाणारे कितीतरी कामगार मोशी-भोसरीकडे राहतात. कागदावर सारखे असलेले प्रभाग प्रत्यक्षात सारखे उरलेले नाहीत. गर्दीच्या प्रभागात आपल्या मताचं वजन घटतं. यात कुणाचा डाव असायलाच हवा असं नाही, पण माझ्या मते सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

मग प्रगणक गट, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेले घरांचे लहान गट, एकमेकांना जोडतात. सुरुवात उत्तरेकडून करायची, गट फोडायचा नाही आणि नदी, नाला, रेल्वे, मोठा रस्ता या हद्दी पाळायच्या, असा दंडक आहे.

डाव साधायचा असेल तर तो इथे साधता येतो. एका विचाराची वस्ती दोन-तीन प्रभागांत वाटली की ती कुठेच निर्णायक राहत नाही. उलट अशा साऱ्या वस्त्या एकाच प्रभागात कोंबल्या की तिथे त्यांचा उमेदवार प्रचंड मतांनी येतो आणि शेजारच्या प्रभागांत त्यांचं कुणीच नसतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १८१२ साली गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात असेच वेडेवाकडे मतदारसंघ आखले गेले होते. लोकसंख्येचा आकडा मात्र नियमात बसवता येतो, म्हणून नुसती बेरीज तपासून हे सापडत नाही.

चार सदस्यांच्या प्रभागात परिणाम वाढतो. आपण अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं देतो. समजा, तीन पक्षांना प्रत्येक जागेवर ४०, ३५ आणि २५ टक्के मतं मिळाली. पहिला पक्ष चारही जागा नेतो. उरलेल्या ६० टक्क्यांच्या हाती शून्य. एखादी वस्ती रेघेपलीकडे गेली तरी चार जागा फिरू शकतात.

आरक्षणही रेघेशी बांधलेलं आहे. अनुसूचित जातींची राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणावर ठरते. वस्ती फुटली की प्रमाण घसरतं आणि जागा दुसऱ्या प्रभागात जाते.

प्रारूप रचना, म्हणजे कच्चा आराखडा, जाहीर झाल्यावर हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. इथे बहुतेकांची चूक होते ती ‘आमच्या भागावर अन्याय झाला’ एवढंच लिहिण्याची. त्यापेक्षा कुठली हद्द नाला किंवा रस्ता सोडून वळली, कुठली वस्ती तुटली आणि ती जोडल्यास दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती होते, हे नकाशासह मांडा. सुनावणीलाही हजर राहा.

रचना अंतिम झाली की विधानसभेची मतदार यादी प्रभागवार फोडतात. हद्दीजवळच्या सोसायट्यांची नावं या टप्प्यावर पलीकडच्या प्रभागात जाऊ शकतात. प्रारूप यादीत आपल्यासोबत शेजाऱ्यांचीही नावं पाहून घ्या.