वीस मिनिटांनी बंद पडणारा ब्लोअर

२०२५ मध्ये पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. पावसाळ्यापूर्वीच्या सर्व्हिसिंगला बहुतेकांच्या गाड्या गेल्याच नव्हत्या. आमच्या भागातल्या गॅरेजांत मग सारखी एकच तक्रार ऐकू येऊ लागली. ब्लोअर मधेच थांबतो, काचेवर वाफ धरते, थोड्या वेळाने तो आपोआप सुरू होतो आणि गाडी गॅरेजच्या दारात आणली की काहीच होत नाही.

माझ्या गाडीनेही हेच केलं. गाडी तेव्हा नऊ वर्षांची होती, मी तिची तिसरी मालकीण. ताम्हिणी घाटात धुकं, बाहेर पाऊस, आत आम्ही चौघं, आणि ब्लोअर गप्प. दोन वळणांत समोरची काच दुधासारखी झाली. ओढणीने पुसत पुसत गाडी कडेला घेतली तेव्हा हात थरथरत होते. ब्लोअर म्हणजे एसीचा थंडावा एवढंच आपण धरून चालतो. आपल्या घाटांत मात्र तो वायपरइतकाच गरजेचा आहे.

ब्लोअर फक्त चौथ्या नंबरवर चालत असेल तर वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेला, हे आता टॅक्सीवाल्यांनाही पाठ आहे. ते सोडा. खरी डोकेदुखी आहे ती येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडाची. त्यावर नेहमीचा तोडगा म्हणजे अंदाजाने पार्ट बदलत जाणं. माझ्याकडूनही आधी रिलेचे पैसे गेले, मग मोटर बदलायचा सल्ला मिळाला. शेवटी कोणीतरी पुण्याच्या नाना पेठेतल्या एका वयस्कर वायरमनकडे पाठवलं. त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण त्यांच्या पद्धतीतच सगळं आलं.

त्यांनी पहिल्या दिवशी गाडी उघडलीच नाही. एक कागद दिला. “ताई, आठ दिवस लिहून आणा. बंद पडतो तेव्हा गाडी सुरू करून किती वेळ झालेला असतो, नंबर कितवा, पाऊस आहे का, खड्डा लागला का, किल्ली हलवल्यावर सुरू होतो का.” प्रत्येक प्रश्नामागे एकेक संशयित होता. खड्ड्याने बंद पडला तर सैल कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) किंवा तुटत आलेली वायर. किल्ली हलवून सुरू झाला तर इग्निशन स्विचचे झिजलेले पॉइंट. ग्लोव्ह बॉक्सखाली थाप मारल्यावर फिरायला लागला तर मोटरचे कार्बन संपत आलेत. माझ्या कागदावर पाच वेळा एकच गोष्ट आली होती: तिसरा नंबर, साधारण वीस मिनिटं. ते म्हणाले, “म्हणजे काहीतरी तापतंय. तापल्यावरच बघू.”

मग त्यांनी मला इंजिन चालू ठेवून, ब्लोअर तिसऱ्यावर लावून बसवून ठेवलं. हाच मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सहसा कपलर काढून मीटर लावला जातो, साडेबारा व्होल्ट दिसतात आणि “सप्लाय ओके” असा निकाल लागतो. पण व्होल्टमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बंद नळामागे पाण्याचा दाब पूर्णच असतो. पाइप गाळाने भरलाय हे नळ सोडल्यावरच कळतं. म्हणून मोजायचं ते पंखा फिरत असताना, आणि मोजायचं ते जोडाच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे तो जोड स्वतः किती व्होल्ट खातो ते. चांगला जोड ०.१ व्होल्टच्या आसपास खातो. पूर्ण सर्किटमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त जाऊ लागले तर कुठेतरी पाणी मुरतंय.

आधी त्यांनी मोटरची अर्थ वायर तपासली. ती चोख निघाली. मग रेझिस्टरच्या कपलरवर मीटर लावला. सुरुवातीला ०.२. दहा मिनिटांनी ०.७. अठराव्या मिनिटाला १.८, आणि पंखा दमल्यासारखा मंदावला. क्लॅम्प मीटर १४ अँपिअर दाखवत होता. (साध्या मल्टिमीटरमधून एवढा करंट घालू नका, बहुतेकांची मर्यादा १० अँपिअर असते.) आता गुणाकार करा: १.८ गुणिले १४ म्हणजे सुमारे २५ वॅट. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. ग्लोव्ह बॉक्समागे, प्लॅस्टिकच्या कपलरच्या पोटात, रोज एक सोल्डरिंग आयर्न पेटत होती. ब्लोअरचा ३० अँपिअरचा फ्यूज तिकडे शांतपणे बघत होता, कारण त्याच्या लेखी १४ अँपिअर म्हणजे सगळं सुरळीत. तो जास्त करंटला उडतो, तापलेल्या जोडाला नाही.

कपलर काढला. एक पिन तपकिरी पडलेली, भोवतीचं प्लॅस्टिक वितळलेलं. आणि रेझिस्टरवर जिथे तो फार तापल्यावर उडणारा थर्मल फ्यूज असायला हवा तिथे तांब्याच्या तारेचा वेटोळा. आधीच्या कुठल्यातरी मालकाला कोणीतरी “डायरेक्ट” करून दिलं होतं.

इथे मला ब्रिटनमधल्या व्हॉक्सहॉल झाफिरा बी या गाडीची आठवण करून द्यावीशी वाटते. तिथे या गाड्या पेटू लागल्या आणि २०१५ च्या अखेरीस कंपनीला दोन लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आगीचं मूळ हीटरच्या ब्लोअरपाशी होतं. रेझिस्टरच्या थर्मल फ्यूजशी दुरुस्तीत छेडछाड झाली, असं कंपनीचं पहिलं म्हणणं. पण रिकॉल होऊनही गाड्या पेटल्या. २०१६ मध्ये पुन्हा रिकॉल झाला, तेव्हा ओलाव्याने गंजून जड झालेल्या मोटरकडे लक्ष गेलं. २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने कंपनीच्या दिरंगाईवर कडक ताशेरे ओढले. त्याच वर्षी अमेरिकेत बीएमडब्ल्यूने थ्री सीरिजच्या लाखो गाड्या ब्लोअरच्या वायरिंगसाठी आणि कपलरसाठी परत बोलावल्या.

झाफिराच्या कहाणीतली दुसरी पायरी आपल्याकडे कोणी ध्यानातच घेत नाही. रेझिस्टर मुद्दाम हवेच्या झोतात बसवलेला असतो, पंख्याचीच हवा त्याला थंड ठेवते. मोटर जड फिरू लागली की करंट वाढतो आणि हवा कमी होते, म्हणजे रेझिस्टरला दोन्हीकडून मार. केबिन फिल्टर मातीने भरला तरी थंडावा कमी होतोच. थर्मल फ्यूज उडतो तो या सगळ्याची खबर द्यायला. नुसता रेझिस्टर बदलला तर नवाही काही महिन्यांत जातो. फ्यूजच्या जागी तार टाकली तर पुढची खबर धुराने मिळते. चाळीस-पन्नास रुपयांत “डायरेक्ट” करून देणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही. तो धोका पुढच्या मालकाच्या पदरात टाकतो. आणि पुढचं कोणी तपासतही नाही. पीयूसीत फक्त धूर बघतात, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, आणि जुनी गाडी विकताना “एसी चालू” ही खूण दोन मिनिटांत होते. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा ब्लोअर तिसऱ्यावर वीस मिनिटं चालू ठेवा, मग चारही नंबर फिरवा आणि ग्लोव्ह बॉक्सखाली वास घ्या. विकणारा कुरकुर करेल, करू द्या.

माझ्या मोटरचा बुश कोरडा पडून गंजला होता. पाणी कुठून आलं? वायपरखालच्या जाळीतून. गाडी वर्षानुवर्षं गुलमोहराखाली उभी असणार. बारीक पानांचा लगदा पाणी जायच्या भोकात घट्ट बसला होता. वायरमननी तो तारेने काढला, मगच मोटर, रेझिस्टर आणि वायरसकट कपलर बदलला. जुनी पिन त्यांनी घासून वापरली नाही. तापलेल्या पिनेचा ताण जातो आणि ती पुन्हा सैल धरते, असं त्यांचं म्हणणं.

पैसे द्यायला गेले तर म्हणाले, “थांबा, अजून वीस मिनिटं व्हायचीत.” पुन्हा तिसरा नंबर, पुन्हा मीटर. बाहेर पाऊस कोसळत होता. विसाव्या मिनिटाला मीटरवर ०.०८ होते, आणि करंट साडेनऊ अँपिअर.