मशीनची कवळी मागण्याआधी

माझ्याकडे पेशंट क्वचितच येतो. येतं ते त्याचं तोंड: प्लास्टरमध्ये ओतलेलं, कापसात गुंडाळलेलं, सोबत दवाखान्याची चिठ्ठी. ‘स्त्री, वय ६८, शेड ए३, दात थोडे लहान.’ एवढ्यावरून मी त्या बाईंचं हसू ठरवायचं. मिरजेत कवळ्या बनवणारी लॅब चालवते मी. अलीकडे खोक्यांबरोबर फायलीही यायला लागल्या आहेत, आणि कुणाकडून तरी नंबर मिळवून थेट लॅबला फोन करणारे पेशंटही. प्रश्न ठरलेला: “ताई, कॉम्प्युटरची कवळी पडत नाही म्हणे. खरं का?”

अर्धं खरं. कुठलं अर्धं, ते सांगते.

वरची कवळी टाळूला चिकटून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे, दोन ओल्या काचा एकमेकींना धरून ठेवतात तशी. कवळी आणि टाळू यांच्यात फट नको आणि कडेने हवा शिरायला नको, एवढीच अट. जुन्या पद्धतीत आमची परीक्षा नेमकी इथेच असते. मेणात दात लावायचे, ते सगळं फ्लास्कमध्ये प्लास्टर ओतून बंद करायचं, उकळत्या पाण्याने मेण काढायचं, राहिलेल्या पोकळीत ॲक्रिलिकची पावडर आणि लिक्विड कालवून केलेला गोळा दाबायचा आणि तासन्‌तास गरम पाण्यात ठेवायचा. घट्ट होताना ॲक्रिलिक आकसतं. पावडर आणि लिक्विडचं ३:१ प्रमाण नीट सांभाळलं तरी आकारमानात सुमारे ७ टक्के. मग टाळूच्या मागच्या कडेला कवळी केसभर उचलली जाते. तिथून हवा शिरते आणि जांभई देताना कवळी सुटते. त्या कडेला मॉडेल आधीच थोडं खरवडून ठेवायचं, फ्लास्क सावकाश थंड होऊ द्यायचा, हे उपाय प्रत्येक चांगला टेक्निशियन करतो. तरी थोडं उरतंच.

मशीनच्या कवळीत ही आकसण्याची भानगड संपते. म्हणजे, मशीन कुठलं यावर ते आहे. ‘डिजिटल’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि पेशंटला बहुधा कोणी सांगत नाही की त्याला कुठली मिळतेय.

पहिली मिलिंगची. कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन आधीच घट्ट केलेली ॲक्रिलिकची गोल, जाड चकती येते, साधारण ९८ मिलिमीटर व्यासाची. त्यातून मशीन कवळीचा आकार कोरून काढतं. जे आकसायचं ते कारखान्यात आकसून झालेलं असतं, त्यामुळे कवळी मापाबरहुकूम उतरते. शिवाय न जुळलेलं कच्चं लिक्विड आत कमी राहतं. नव्या कवळीने ज्यांची हिरडी चुरचुरते त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. दुसरी प्रिंटिंगची. इथे पातळ रेझिनवर प्रकाश टाकून ५० किंवा १०० मायक्रॉनचे थर एकावर एक घट्ट करत नेतात, मग अल्कोहोलमध्ये धुतात आणि प्रकाशाच्या पेटीत पुन्हा पक्कं करतात. या शेवटच्या दोन पायऱ्यांत घाई केली तर कवळी दिसायला तशीच सुंदर, पण आतून कच्ची. प्रिंटची कवळी स्वस्त पडते, लवकर होते, आणि ताकदीत सहसा मिलिंगच्या मागे राहते. माझं मत विचाराल तर ट्रायलला, तात्पुरत्या वापराला आणि जोडीची म्हणून प्रिंट उत्तम. रोज भाकरी खायची ती मिलिंगची घ्यावी. बिलावर यातलं काय ते लिहून मागा. नुसतं ‘डिजिटल डेंचर’ हे उत्तर नव्हे.

आता राहिलेलं अर्धं. ते माझ्या लॅबमध्ये ठरतच नाही, डॉक्टरांच्या खुर्चीत ठरतं.

“डिजिटल म्हणाले आणि तोच जुना ट्रे तोंडात कोंबला,” अशी तक्रार मला ऐकायला मिळते. मी डॉक्टरांची बाजू घेते. तोंडात फिरवायचा स्कॅनर दात असलेल्या तोंडात छान चालतो, कारण त्याला धरायला कोपरे आणि खाचा मिळतात. बिनदाताची हिरडी म्हणजे गुळगुळीत, ओली आणि हलणारी जागा. वरच्या टाळूचं एक वेळ जमतं. खाली जीभ आणि गाल मध्ये मध्ये करतात. त्याहून मोठी अडचण कडांची. कवळीची कड गालाकडे किती खोल जाऊ शकते हे गाल आणि जीभ हलल्यावरच कळतं, आणि स्कॅनर तर गाल बाजूला ओढून धरल्यावरच बघतो. म्हणून पुष्कळ डॉक्टर आधी मापाचं मटेरियल तोंडात ठेवून तुम्हाला ‘ऊ’, ‘ई’ करायला लावतात, जीभ बाहेर काढायला लावतात आणि मग ते माप स्कॅन करतात. याला मागासलेपण म्हणू नका. उलट तुमच्या डॉक्टरांनी गाल-जीभ काही न हलवता दोन मिनिटांत काम उरकलं, तर विचारा.

दुसरी गोष्ट चाव्याची. तोंड मिटल्यावर नाक आणि हनुवटी यांच्यात किती अंतर हवं, हे कुठलंही सॉफ्टवेअर आपणहून ठरवत नाही. अंतर जास्त झालं तर बोलताना दात खटखटतात. कमी झालं तर हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांचे कोपरे चिरतात. तपासायला मराठीत एक सोय आहे: एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत मोठ्याने मोजा. एवढे ‘स’ आणि ‘ष’ लागोपाठ उच्चारताना दात एकमेकांवर आपटता कामा नयेत. हे करायचं ट्रायलच्या वेळी, कवळी पक्की झाल्यावर नव्हे.

आणि ट्रायल सोडू नका. कमी भेटी हा डिजिटल पद्धतीचा खरा फायदा आहे, पण ‘दोन भेटींत कवळी’च्या हौसेत कापली जाते ती नेमकी ट्रायलच. पूर्वी मेणातली ट्रायल दवाखान्यातच बघायची असे. तोंडाच्या उबेने मेण मऊ पडायचं, दात हलायचे. प्रिंट केलेली ट्रायल कडक असते. काही डॉक्टर ती दोन दिवस घरी नेऊ देतात, आणि तशी मिळाली तर घरच्यांसमोर हसून-बोलून बघा. कारण कॉम्प्युटरच्या लायब्ररीतले दात फार शहाणे असतात. सगळे एका ओळीत, डावं-उजवं तंतोतंत सारखं. सत्तरीच्या माणसाच्या तोंडात ते पोस्टरवरच्या नटासारखे दिसतात. एका आजींच्या मुलीने आईचा लग्नातला फोटो पाठवला होता. पुढच्या दोन दातांत बारीक फट, एक सुळा किंचित वळलेला. स्क्रीनवर तसं करायला मला फारसा वेळ लागला नाही. पण फोटो आला म्हणून. चिठ्ठीत ‘ए३’ एवढंच असतं तर लायब्ररीतलेच दात गेले असते.

खालच्या कवळीबद्दल मात्र मी कुणाला आशा लावत नाही. तिला टाळूचा आधार नाही, जीभ सतत हलवते, आणि हाडही वेगाने झिजतं. अँटजे टॅलग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा २५ वर्षं मागोवा घेतला. १९७२ साली छापलेल्या त्या अभ्यासात खालचं हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेलं आढळलं. जिथे हाडाची कडाच उरली नाही, तिथे मायक्रॉनपर्यंत अचूक कवळीही तरंगणारच. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये तज्ज्ञ जमले. खालच्या बिनदाताच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हाच पहिला पर्याय धरावा, असं त्यांनी सुचवलं. खर्च आहे, सगळ्यांना झेपत नाही, मधुमेह असेल तर आधी तो आटोक्यात हवा. पण खालची कवळी सैल आहे म्हणून तशीच दुसरी, नुसती मिलिंगची, करून घ्यायला निघाला असाल, तर आधी इम्प्लांटबद्दल विचारून घ्या.

पैशांचं बोलायचं तर मिलिंगची कवळी साध्यापेक्षा बरीच महाग पडते, आणि नीट माप घेऊन केलेली साधी कवळी वाईट नसते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत ती कमी खर्चात होते. विद्यार्थी करतात, वर शिक्षकांची नजर असते, आणि भेटींची घाई कुणालाच नसते. केंद्राची २०१७ पासूनची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत चष्मा आणि काठीबरोबर कवळीही आहे. निगा सगळ्या कवळ्यांची एकच: रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाणी नको, टूथपेस्ट नको, ती घासून ओरखडे पाडते.

शेवटी फाइल. कवळी एसटीच्या खिडकीतून पडते, बेसिनमध्ये आपटते, हॉस्पिटलच्या उशीखाली राहून जाते. पूर्वी मग सगळं पहिल्यापासून. आता फाइल असेल तर पुन्हा माप न देता तशीच दुसरी काढता येते. म्हणून ती दवाखान्याकडे आहे की लॅबकडे, आणि किती वर्षं ठेवणार, हे पैसे देण्याआधी विचारा. कॉपी मागून घेतलीत तर उत्तम. मात्र फाइलला एवढंच माहीत असतं, जेवढं पहिल्या दिवशी होतं. नंतर टोचतं म्हणून डॉक्टरांनी कड घासली असेल, सैल झाली म्हणून आतून अस्तर भरलं असेल, तर ते फाइलमध्ये नाही. अशा वेळी आम्ही फोनवर सांगतो की जुनी फाइल काढू नका. तोंडात नीट बसलेली कवळीच डॉक्टरांकडे घेऊन जा, तिचं स्कॅन करून पाठवायला सांगा. आणि फाइल चार-पाच वर्षं जुनी असेल, तर हाड एव्हाना बदललेलं असतं. मग नवीन माप.